ऊस थंडीला कोणत्या वयात भेटतो?

दर वर्षी डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाचे आणि लिंगमळ्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. गवताच्या पात्यांवर, उभ्या गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दवाचे थेंब गोठून पांढरे झालेले असतात. बातमीत किमान तापमान मात्र शून्याच्या चार-सहा अंश वर असते, आणि पाणी शून्याला गोठते तर हे हिमकण आले कुठून, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, लाकडी पेटीच्या आडोशाला असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पाने आपली ऊब थेट उघड्या आकाशाला देऊन टाकतात आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतात. गार झालेली हवा जड असते. ती उतारावरून पाण्यासारखी खाली वाहते आणि खोलगट रानात साचून राहते. म्हणून एकाच गावात माळावरचे पीक सुखरूप असते आणि ओढ्याकाठच्या रानातले पीक पहाटे आखडलेले दिसते. पिकाला सोसावी लागणारी थंडी अशी त्याच्या पानापाशी, गुडघ्याच्या उंचीवर असते. बातमीतला आकडा पिकाचा नसतो. सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या सखल भागात महाबळेश्वरासारखे हिमकण दिसत नाहीत, तरी पौषातल्या काही रात्री कृष्णा, कोयना, नीरेच्या खोऱ्यांत पारा दहा-बारा अंशांवर येतो. आणि या खोऱ्यांतली मोठी नगदी पिके, ऊस, हळद, केळी, ही सगळी मूळची उष्ण आणि दमट मुलखातली आहेत.

अशा वनस्पतींचे थंडीने नेमके काय बिघडते, ते स्वयंपाकघरातल्या फडताळात बघता येते. हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते, शेंगदाण्याचे तेल मात्र पातळच राहते. दोन्ही तेलेच, पण त्यांतल्या मेदाम्लांची घडण वेगळी. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती जे पातळ आवरण असते, त्यातही मेद असतो. उष्ण प्रदेशातल्या बहुतेक वनस्पतींमध्ये या मेदाची घडण लवकर ताठर होणारी असते. पारा दहा-बारा अंशांच्या खाली काही रात्री राहिला, की आवरण ताठरते, पेशीतले क्षार बाहेर झिरपू लागतात, मुळांची पाणी ओढण्याची ताकद घटते. बर्फ होण्याची गरजच पडत नाही. त्यातून सकाळी लख्ख ऊन पडले तर आणखी हानी होते, कारण पानावर उजेड पुरेपूर येतो, पण गारठलेले पान तो पचवू शकत नाही आणि न पचलेला उजेड हरितद्रव्यालाच जाळतो. उसात याची खूण मोठी बोलकी असते. शेंड्यातल्या पोंग्यात पान गुंडाळलेले असताना ज्या जागेला थंडी लागली, तिथे पान उलगडल्यावर फिकट आडवा पट्टा दिसतो. तीन-चार थंड रात्री अंतराने येऊन गेल्या, तर त्याच पानावर तीन-चार पट्टे. पाऊस किती झाला हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. थंडीची नोंद अशी फक्त पानावर होते आणि ती सहसा कुणी वाचत नाही.

आता मुद्द्याकडे येतो. अशा पिकाला गार, खडतर हवेत कसे तगवायचे, असे विचारले की सहज येणारे उत्तर म्हणजे ‘त्याला सवय लावायची’. बाळाला जसे हळूहळू गार पाण्याची सवय लावतात, तसे रोप हळूहळू काटक करायचे. यात तथ्य आहे, पण अर्धेच. गव्हाला, कोबीला थंडीची चाहूल लागली की ती पिके आपल्या पेशींची घडण बदलतात, साखर साठवतात, आवरणातला मेद पातळ ठेवतात. ही कला त्यांच्या वंशातच आहे. उसाकडे, केळीकडे, हळदीकडे ती फार थोडी आहे. रोपवाटिकेत रोपे शेडनेटमधून उन्हात आणणे, पाणी तोडून देणे, पाने छाटणे या साऱ्याने रोप कणखर होते, लागणीचा धक्का सोसते, मुळे लवकर धरते. पण त्यामुळे ते दहा अंशांतही वाढू लागेल, असे होत नाही. ऊती संवर्धनाची केळीची रोपे हरितगृहात कितीही काळजीने कणखर केली, तरी निसवणीच्या वेळी कडक थंडी आली की घड खोडाच्या गळ्याशी अडकतोच. सवय लावण्याला अशी मर्यादा असल्यामुळे सातारा-सांगलीच्या शेतीने गेल्या शंभर वर्षांत जे खरे काम केले ते वेगळेच आहे, आणि माझ्या मते तेच समजून घेण्यासारखे आहे. या भागाने झाडाला थंडी सोसायला शिकवण्यापेक्षा झाडाची आणि थंडीची गाठ कोणत्या वयात पडावी, हे ठरवले. त्या वयात गाठ पडली की थंडी पिकाचे नुकसान करत नाही, उलट त्याच्या उपयोगी पडते.

उसापासून सुरुवात करू, कारण उसाइतका लेखी पुरावा दुसऱ्या पिकाचा नाही. जाड, रसाळ, गोड ऊस हा न्यू गिनी बेटाकडचा. तिथे हिवाळा नाही. भारतात उत्तरेकडे तो टिकत नसे, तिथे बारीक, कडक, कमी रसाचे गावठी ऊस असत. १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी एक धाडसी संकर केला. एका बाजूला गोड, जाड ‘वेल्लई’ ऊस आणि दुसऱ्या बाजूला नदीकाठी पांढरे तुरे डोलवणारे रानटी काशगवत. गवतात साखर नाही, पण ते थंडी सोसते, पाण्यात बुडाले तरी आणि कोरड पडली तरी उभे राहते. या संकरातून आलेला को २०५ हा वाण १९१८ मध्ये पंजाबसाठी बाहेर पडला. उसाच्या जगात हे मोठेच वळण होते. आज जगात लावल्या जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उसात त्या रानगवताचा दहा ते वीस टक्के वाटा आहे. साताऱ्याच्या फलटण तालुक्यात, नीरेच्या काठी पाडेगावला १९३२ मध्ये ऊस संशोधन केंद्र निघाले. कोइमतूरच्या संकरांतून इथल्या जमिनीला आणि हवेला मानवणारे वाण निवडणे आणि स्वतः नवे तयार करणे हे त्याचे काम. ‘नीरा’ या नावाने १९९६ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झालेला को ८६०३२ आणि क्षारपड रानातही तग धरणारा २००७ चा फुले २६५, ही दोन नावे आज कुणाही ऊस उत्पादकाला सांगावी लागत नाहीत. वाळवा, पलूस, मिरज तालुक्यांतल्या पाण्याने फुगलेल्या, मीठ वर आलेल्या चोपण रानांत फुले २६५ का पसरला, याचे उत्तर त्या रानगवताच्या रक्तात आहे.

मग थंडी मुळीच न जाणवणारा ऊस का काढत नाहीत, असे कुणी विचारील. प्रश्न रास्त आहे. रानगवताचा वाटा वाढवत नेला की काटकपणा वाढतो, पण ऊस बारीक होतो, चोथा वाढतो आणि साखर घटते. म्हणून संकरित रोपाचा संकर पुन्हा पुन्हा गोड उसाशीच करावा लागतो आणि एक वाण शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत दहा-बारा वर्षे सहज जातात. शिवाय एकाच वाणावर सगळा भार टाकण्याचा धोका उत्तर भारताने नुकताच अनुभवला. तिथे को ०२३८ या उत्तम वाणाने बहुतेक क्षेत्र व्यापले आणि मग लाल कूज रोगाने तोच वाण मोठ्या प्रमाणावर बसवला. पण माझा मुख्य आक्षेप याहून वेगळा आहे. थंडी अजिबात न जाणवणारा ऊस आपल्याला परवडणारच नाही, कारण उसात साखर भरते ती थंडीमुळे.

हे थोडे सविस्तर सांगायला हवे. उसाची वाढ चालू असते तोवर पानांनी केलेली साखर नव्या कांड्या आणि नवी पाने घडवण्यात खर्ची पडते. रात्री गार झाल्या, पाऊस सरला, जमिनीतला ओलावा उतरला, की वाढ मंदावते. दिवसा मात्र ऊन भरपूर असते आणि पाने साखर करीतच राहतात. खर्च थांबलेला, मिळकत चालू. ती शिल्लक कांडीत साठते. म्हणून कारखान्यांचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, पौष-माघात सर्वांत वर जातो. कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यातल्या उसाचा उतारा बारा टक्क्यांच्या पुढे जातो आणि देशात तो वरच्या क्रमांकाचा मानला जातो. याच्या कारणांत जमीन आणि वाण यांच्याइतकाच या मध्यम थंडीचाही वाटा आहे. लागणीच्या उसाचे डोळे फुटू न देणारी थंडीच पक्व उसाला गोडी देते. फरक पडतो तो उसाच्या वयाने.

आडसाली लागणीचे सारे शहाणपण इथे आहे. १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान सरीत टिपरी पडते तेव्हा जमीन उबदार असते. उसाच्या डोळ्याला फुटायला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते आणि ती तेव्हा आयती मिळते. पहिल्या थंडीपर्यंत हा ऊस पाच-सहा महिन्यांचा होतो. बाळबांधणी उरकलेली असते, फुटवे आलेले असतात, मुळे खोल गेलेली असतात आणि पानांनी सरी झाकायला सुरुवात केलेली असते. पानांच्या छत्राखाली जमिनीची ऊब बरीच अडून राहते. या पिकाला थंडी लागते, पण ती थबकण्यापुरती. पुढचा सबंध उन्हाळा आणि पावसाळा वाढून ते दुसऱ्या थंडीत सोळा-अठरा महिन्यांचे, साखर भरायला तयार असे पोचते. पूर्वहंगामी लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबरची. तिची उगवण साधते, पण फुटव्यांचा काळ थंडीत सापडतो. सुरू लागण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारीची, म्हणजे बेणे थेट गार मातीतच जाते. तिथे डोळे आठवडे आठवडे मुके पडून राहतात, काही कुजतात, आणि मग सरीत तुटाळ, म्हणजे रोपांविना मोकळ्या जागा, पडते. तिन्ही हंगामांत वाण एकच असू शकतो आणि रानही तेच. उत्पादनात मात्र आडसाली वर आणि सुरू खाली, हे या भागातल्या शेतकऱ्याला पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. जळगावकडे केळीच्या बागांना मृगबाग आणि कांदेबाग अशी नावेच लागणीच्या हंगामावरून पडली आहेत. जूनमधले मृगबागेचे रोप थंडी येईतो सहा महिन्यांचे होते, तर ऑक्टोबरमधल्या कांदेबागेच्या रोपाला बालपणीच थंडी गाठते.

हळदीने तर ही गोष्ट स्वतःच साधली आहे. ती दमट जंगलाच्या सावलीतली वनस्पती. तिने थंडीशी झुंजायचे सोडून दिले आणि जमिनीखाली जायचे ठरवले. सांगली भागात अक्षय्य तृतीयेच्या सुमारास जेठे गड्डे लावतात. पावसाळाभर पाला माजतो, मार्गशीर्षापासून पिवळा पडू लागतो आणि पौष-माघात वाळून लोळतो. पाहणाऱ्याला वाटते पीक गेले, पण पाल्यातले सत्त्व तेव्हा खाली हळकुंडात उतरलेले असते. पाला पुरता वाळण्याआधी हळद काढली तर ती वजनाला आणि रंगाला कमी भरते, म्हणून शेतकरी पाला वाळायची वाट पाहतो. थंडीला तो पिकाची घड्याळघंटा मानतो. लागण ज्येष्ठाच्या पुढे लांबली तर पाल्याला वाढायला महिने अपुरे पडतात आणि थंडी त्याला अर्ध्या वाटेत गाठते. मिरज तालुक्यातल्या कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राच्या कामातही लागणीच्या वेळेवर इतका भर आहे तो याचसाठी. काढलेल्या हळदीसाठी कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या हरिपूरला जमिनीत पेवे असत. खोल खड्डे, तळाशी आणि बाजूंनी अस्तर, वर मातीने बंद तोंड. जमिनीच्या पोटात उन्हाळा-हिवाळ्याचा चढउतार पोचत नाही, म्हणून हळद वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुराने ही पेवे बुडाली आणि ती पद्धत जवळजवळ मोडली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावामागे जमिनीखालच्या सारख्या उबेचे हे ज्ञान आहे, याची आठवण ठेवली पाहिजे.

पुराचा उल्लेख आला, आणि आडसालीवरचा सर्वांत गंभीर आक्षेपही तोच आहे. लागण जुलै-ऑगस्टमध्ये करा म्हणणे कागदावर ठीक, पण कृष्णा-वारणा काठच्या रानांत त्याच महिन्यांत पाणी येते. २००५, २०१९, २०२१. महिन्याभराचा ऊस आठवडाभर पाण्याखाली राहिला तर शेंडा कुजतो आणि बेणे, खत, मजुरी सगळे वाहून जाते. थंडी टाळायची म्हणून पुराच्या तोंडी द्यायचे का? माझ्या मते याचे उत्तर गेल्या काही वर्षांत वाळवा, पलूस, कराडकडच्या ऊस रोपवाटिकांनी दिले आहे. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरून एकेक डोळ्याची टिपरी लावतात आणि शेडनेटमध्ये, निवाऱ्याच्या उबेत, महिना-सव्वा महिन्याचे रोप तयार करतात. शेवटच्या आठवड्यात त्याला उन्हात आणून पाणी कमी करतात आणि पाने छाटतात. पूर ओसरल्यावर, सप्टेंबरमध्ये वाफसा आल्यावर हे रोप रानात जाते. रानाच्या दृष्टीने लागण उशिरा झाली, पण उसाच्या वयातले तीस-चाळीस दिवस वाचले. सुरू हंगामातही हेच. गार मातीत डोळा फुटण्याची वाट बघण्यापेक्षा फुटलेले रोपच नेले, की सर्वांत नाजूक टप्पा थंडीच्या हातून सुटतो. काटकपणाची ही शेवटची आठवडाभराची तयारी इथे खरी कामाला येते, कारण ती योग्य वयाच्या रोपावर केलेली असते. रोपांचा खर्च टिपरीपेक्षा जास्त पडतो हे खरे, पण तुटाळ सांधण्याची मजुरी आणि वाया गेलेले बेणे हिशेबात धरले, तर तो आक्षेप पुष्कळसा गळून पडतो.

द्राक्षाची गोष्ट या सगळ्याच्या उलट बाजूची आहे, आणि म्हणूनच ती पुरावा म्हणून उपयोगी आहे. द्राक्षवेल थंड मुलखातली. तिकडे थंडीत पाने झडतात, वेल झोपते आणि वसंतात जागी होते. तासगाव, मिरज, पलूसला ती झोपतच नाही, म्हणून माणसाने कात्रीने तिची दोन वर्षे एका वर्षात बसवली. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेल्या तास-ए-गणेशसारख्या वाणांनी हा भाग नावारूपाला आला, पण वाणाइतकीच इथे छाटणीची तारीख महत्त्वाची ठरली. मण्यांत पाणी भरण्याच्या वेळी रात्रीचा पारा एकदम खाली गेला आणि दिवसा ऊन तापले, की हिरव्या मण्यांवर गुलाबी छटा येते, ‘पिंक बेरी’ होते आणि निर्यातीचा माल बाजारातला साधा माल होतो. शेतकरी एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात, पहाटे ठिबक सोडतात, बागेत शेकोट्या करतात. १९९० च्या दशकात क्षार आणि पाण्याची ओढ वाढली, तेव्हा अमेरिकेतल्या रानटी वेलीपासून आलेली ‘डॉगरिज’ मुळे खाली आणि आपला वाण वर, अशी कलमे सुरू झाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये रानात खुंट लावायचा आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यावर डोळा बांधायचा. खडतर जमिनीशी सामना मुळाने करायचा आणि फळाची गोडी शेंड्याने सांभाळायची, अशी ही वाटणी. उसात रानगवताचे रक्त मिसळले, द्राक्षात रानवेलीची मुळे उसनी आणली. दोन्हीकडे काटकपणा रानातूनच आला, आणि तारीख माणसाने ठरवली.

खडतरपणा म्हणजे नुसती थंडी नव्हे, याचा जुना पुरावाही सातारा जिल्ह्यातच आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी महाबळेश्वरला लिंगमळ्याजवळ सिंकोनाची लागवड करून पाहिली. हिवतापावरचे क्विनाइन त्याच्या सालीतून मिळे. अँडीजच्या ढगाळ डोंगरांतले हे झाड. उंची जुळत होती, गारवा जुळत होता, तरीही लागवड फसली. निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे तेच झाड रुजले. महाबळेश्वरला जून ते सप्टेंबर पावसाचा कहर असतो आणि मग सात-आठ महिने कोरडे. जिथे आठवड्या-दोन आठवड्यांनी पाऊस लागतो, तिथल्या झाडाला हे वेळापत्रक मानवणारे नव्हते. तापमापक बघून झाड निवडले, पण वर्षाचे महिने मोजले नाहीत. आज जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे ड्रॅगनफ्रूटच्या बागा उभ्या राहत आहेत, तेव्हा हा धडा आठवायला हवा. हे निवडुंगाच्या कुळातले झाड रात्री श्वासरंध्रे उघडते, म्हणून पाणी कमी उडवते. कोरड्या जतला ते म्हणूनच जमते. २०२१ मध्ये कडेगाव तालुक्यातल्या तडसरची फळे दुबईला गेली, तेव्हा सगळ्यांचे लक्ष तिकडे वळले. पण मूळचे ते मध्य अमेरिकेच्या जंगलात झाडांवर चढणारे आहे. चैत्र-वैशाखाच्या उघड्या उन्हात त्याच्या फांद्या भाजतात, पिवळ्या पडतात. बारामतीजवळ माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था आहे, तिच्या कामात सावली आणि पाण्याची वेळ यांवर भर आहे. म्हणजे पुन्हा वय आणि महिना. बाग पहिला उन्हाळा कोणत्या वयात पाहणार, हे ठरवल्याशिवाय खांब रोवू नयेत.

इथे एक मोठा आक्षेप आहे आणि तो टाळता येणार नाही. माण-खटाव, जत-आटपाडीच्या पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आगेमागे असणाऱ्या मुलखात उष्ण-दमट प्रदेशातली पिके आणावीतच कशाला? ज्वारी, मटकी, बोर, डाळिंब तिथे रुळलेली आहेत. ताकारी, म्हैसाळ, टेंभू योजनांनी कृष्णेचे पाणी वर आणले ते चारा-पाण्यासाठी आणि भुसार पिकांसाठी, पण कालवा पोचला की पहिली लागण उसाची होते. आडसाली ऊस दीड वर्ष रान आणि पाणी अडवतो. या आक्षेपात मला बरेच तथ्य वाटते. थंडीतून पीक तगवणे ही कला आहे, पण पाणी नसलेल्या जागी पीक नेऊन बसवणे ही कला नव्हे. आडसालीचे गणित कृष्णाकाठच्या काळ्या रानासाठी घडले आहे. तेच गणित उचलून माणदेशात नेणाऱ्याने थंडीचा प्रश्न सोडवला आणि तहानेचा ओढवून घेतला, असे म्हणावे लागेल. काशगवताच्या रक्ताने ऊस काटक झाला, तरी तो ज्वारी झाला नाही.

दुसरा आक्षेप असा की हवामान तापत चालले आहे, मग थंडीची काळजी कसली? सरासरी वाढली म्हणून निरभ्र रात्री नाहीशा होत नाहीत. बिघाड होतो तो थंडीच्या तारखेत. परतीचा पाऊस लांबला तर वाफसा उशिरा येतो आणि लागण पुढे ढकलली जाते. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबलाच नाही आणि छाटलेल्या द्राक्षबागांचे घड कुजले. मार्गशीर्ष ढगाळ गेला तर ऊस वाढतच राहतो आणि साखर भरायला उशीर होतो. मग अचानक आठ दिवस कडाका येतो आणि तो सगळ्यात कोवळ्या पिकाला गाठतो. थंडी कमी झाली तर उतारा उतरेल, बेभरवशाची झाली तर कोवळी लागण मार खाईल. दोन्ही बाजूंनी वयाचे गणित अधिकच महत्त्वाचे ठरते.

वय जुळले नाही, आणि पीक कोवळेच थंडीत सापडले, तर काय करायचे? त्या आठ-दहा रात्रींसाठीच्या गोष्टी साध्या आहेत. संध्याकाळी किंवा रात्री हलके पाणी द्यावे, कारण ओली माती दिवसाची ऊब अधिक धरते आणि रात्रभर सोडत राहते. शेकोट्यांच्या नुसत्या धुराचा भरवसा धरू नये, ऊब ओल्या मातीतून अधिक खात्रीने मिळते. खोलगट रानाच्या खालच्या बांधाला दाट कुंपण असेल तर गार हवा तिथे तुंबते, म्हणून तिला वाट ठेवावी, आणि वरच्या बाजूला शेवरी किंवा गजराज गवताची दाट ओळ धरावी. पालाशची मात्रा वेळेवर द्यावी आणि कडाक्याच्या तोंडावर युरिया टाकून पिकाला नवे कोवळे फुटवे काढायला लावू नये. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा घेतल्या जाणाऱ्या पिकाबद्दल, म्हणजे खोडव्याबद्दल, एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. पाचटाचे आच्छादन उत्तम, ते जाळू नये. पण डिसेंबर-जानेवारीत तुटलेल्या उसाच्या बुडख्यावर पाचट तसेच राहिले तर ऊन बुडख्याला लागत नाही, माती गारच राहते आणि डोळे उशिरा, ओबडधोबड फुटतात. म्हणून पाचट सरीत ओढून घ्यावे, बुडखे जमिनीलगत छाटून उघडे ठेवावेत. त्यांना दिवसाची ऊब मिळू द्यावी.

आपल्या रानातल्या सर्वांत खोलगट जागी, गुडघ्याच्या उंचीवर, एक साधा किमान तापमापक लावा आणि डिसेंबर-जानेवारीचे आकडे पिकाच्या वहीत लिहून ठेवा. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा आकडा आणि तुमच्या रानाचा आकडा किती वेगळा आहे, ते दोन हिवाळ्यांत कळेल. लागणीची तारीख ठरवताना ती वही समोर असू द्या. १५ जुलैला लावलेला ऊस संक्रांतीला सहा महिन्यांचा असतो, १५ ऑगस्टचा पाच, १५ ऑक्टोबरचा तीन आणि १५ डिसेंबरचा एकच महिन्याचा.